घरापासून देवळापर्यंत : उतारवयातील नित्य वारी

॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥



पांडुरंगाच्या दर्शनास आलेला भक्त गाभाऱ्यात पोहोचला की प्रथम मस्तक ठेवतो ते भगवंताच्या चरणांवर. श्रीमुखाकडे दृष्टी जाते ती त्यानंतर. वारकरी संप्रदायात पायांना जो मान आहे, तो दुसऱ्या कोणत्या अवयवास क्वचितच असेल. आळंदीहून पंढरीस निघणाऱ्या पालखीत श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पादुका असतात. देहूहून निघणाऱ्या पालखीतही श्रीतुकाराम महाराजांच्या पादुकाच असतात. दोन वारकरी वाटेत भेटले की वय, जात, श्रीमंती यांचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. संत नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारी पायरी होऊन राहणे पत्करले, ते येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी म्हणून. ज्या पायांनी देवाकडे जावयाचे, ते पायही आपल्या परंपरेने पूज्य मानले आहेत.

असे असता, वय साठीच्या पुढे सरकले की घरात सर्वांआधी निवृत्त केले जातात ते पायच. डोळ्यांस चष्मा लावतो, दातांची कवळी करतो, कानांस यंत्र बसवितो. पायांना मात्र आपण विश्रांती देतो आणि विश्रांती हेच त्यांचे औषध आहे असे समजतो. आजचे निरूपण या समजुतीविषयी आहे.

पुंडलिकाची कथा आणि एक शंका

भक्त पुंडलिकाची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. देव दारी आला, तेव्हा पुंडलिक आपल्या वृद्ध मातापित्यांच्या सेवेत होता. त्याने सेवा सोडली नाही, देवाकडे एक वीट सरकवली आणि थांबण्यास सांगितले. देव त्या विटेवर कटीवर कर ठेवून उभा राहिला, तो आजतागायत उभा आहे. पंढरपुरास देवाचे येणे झाले ते कोणा राजासाठी वा यज्ञासाठी नव्हे. म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या एका मुलासाठी झाले, हे आपण विसरता कामा नये.

या कथेचा पूर्वभागही प्रसिद्ध आहे. सेवाव्रती होण्यापूर्वीचा पुंडलिक आईवडिलांची हेळसांड करणारा होता. प्रचलित कथेत असे सांगतात की, काशीयात्रेस निघताना त्याने पत्नीला सुखात नेले आणि वृद्ध मातापित्यांना मात्र धुळीच्या वाटेने पायी चालविले. पुढे कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो पालटला.

येथे एखादा श्रोता शंका घेईल, आणि ती रास्त आहे. ‘महाराज, आईवडिलांना पायी चालविणे हाच तर पुंडलिकाचा अपराध होता. मग वृद्धांनी चालावे असे आपण कसे सांगता? त्यांना बसवून ठेवावे, हातात सर्व काही द्यावे, हीच सेवा नव्हे का?’

कथेकडे नीट पाहिले तर उत्तर मिळते. मातापिता चालत होते हे पुंडलिकाचे पाप नव्हते. त्या काळी यात्रा पायीच होत असे. त्याचे पाप हे की तो त्यांच्याबरोबर चालला नाही. त्यांचा वेग त्याने पाहिला नाही, त्यांचा श्वास ऐकला नाही, ते थांबले तेव्हा तो थांबला नाही. आणि जेव्हा तो पालटला, तेव्हा थांबण्याची कला तो इतकी शिकला की प्रत्यक्ष भगवंतालाही त्याने थांबविले. वृद्धांची सेवा म्हणजे त्यांचे चालणे बंद करणे नव्हे. आपला वेग त्यांच्या वेगापर्यंत खाली आणणे, ही त्यांची सेवा होय. आजच्या निरूपणाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगावयाचे ते त्याचा विस्तार होय.

बसवून ठेवणारे प्रेम

आपला वडाळा, दादर, परळ, लालबाग हा परिसर पायी चालणाऱ्यांचा परिसर होता. गिरण्या आणि चाळी जवळजवळ असल्याने कामगार पाळीवर चालत जात, चालत येत. बाजार, शाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, सर्व काही चालण्याच्या अंतरावर असे. चाळीतला जिना दिवसातून दहा वेळा चढावा-उतरावा लागे. आषाढी एकादशीस पंढरपूर गाठणे ज्यांना शक्य नसे ते वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात येत, म्हणूनच या स्थानास प्रतिपंढरपूर असे नाव पडले. आजही त्या दिवशी मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून टाळ-मृदंगाच्या गजरात दिंड्या येथे येतात.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि पुढे अनेक चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या वेळचे तरुण आज सत्तरी-ऐंशीचे आहेत. ज्यांचे घर पंधराव्या मजल्यावर आहे त्यांना जिना राहिला नाही. दूध, भाजी, औषधे दूरध्वनीवर सांगितली की दारात येतात. देवाची आरती पडद्यावर दिसते. मुलगा म्हणतो, ‘आई, तू कशाला खाली उतरतेस? मी आणतो ना.’ सून म्हणते, ‘बाबा, पाऊस आहे, आज नको.’ नातू पाण्याचा पेला हातात आणून देतो. यातील एकही वाक्य वाईट नाही; प्रत्येकात प्रेमच आहे. परंतु अशा शंभर प्रेमळ वाक्यांची बेरीज अशी होते की आई बाकावरून उठेनाशी होते, आणि एके दिवशी सर्वांना आश्चर्य वाटते की ती अचानक कशी थकली.

ती अचानक थकलेली नसते. वापर थांबला की स्नायू झिजतात, आणि उतारवयात ही झीज फार वेगाने होते. सन २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगण्यात आले. कोणताही आजार नसताना, केवळ दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झिजले. ताप आला, पाय मुरगळला, पावसाळा लागला म्हणून आपण घरातील वडीलधाऱ्यांना महिनाभर बसवितो, तेव्हा त्यांचे किती बळ जात असेल, याची कल्पना यावरून यावी. पाय दुबळे झाले की पडण्याची भीती वाटते, भीतीने चालणे आणखी कमी होते, आणि चालणे घटल्याने पाय आणखी दुबळे होतात. या फेऱ्यातून सोडविणारा उपाय हळूहळू पुन्हा चालू लागणे हाच आहे.

चालणाऱ्या वृद्धांची परंपरा

आपल्या भूमीस चालणारे वृद्ध नवे नाहीत. आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चालणाऱ्या साठी-सत्तरीच्या माउली आपण पाहिल्या आहेत. पुण्यानंतर दिवे घाटाची चढण लागते, तीही त्या नाम घेत चढून जातात. कोणी त्यांना विचारले, ‘आजी, दमत नाही का?’, तर त्या हसतात.

महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीस निघाले तेव्हा त्यांचे वय ६० होते. चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून ते ५ एप्रिलला समुद्रकिनारी पोहोचले. त्या पदयात्रेचे पडसाद आपल्या वडाळ्यापर्यंत आले; मे आणि जून १९३० मध्ये येथील मिठागरांवर हजारो मुंबईकरांनी सत्याग्रह केला. आचार्य विनोबा भावे यांनी एप्रिल १९५१ मध्ये भूदानासाठी चालावयास आरंभ केला तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ ते खेड्यापाड्यांतून चालत राहिले, आणि १९५८ साली पंढरपुरास येऊन पांडुरंगाच्या चरणी लागले. या थोरांनी प्रकृतीसाठी म्हणून ही यात्रा केली नाही. परंतु ज्याला चालण्याचे कारण मिळाले त्याचे पाय टिकले, हे त्यांच्या चरित्रांत दिसते. वृद्धाला काठीइतकीच कारणाचीही गरज असते. देऊळ हे असे एक उत्तम कारण आहे.

शास्त्राची साक्ष

संतांनी अनुभवाने सांगितले, तेच आधुनिक वैद्यकाने मोजून पाहिले. सन १९५३ मध्ये लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी तेथील परिवहन सेवेच्या सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईकरांना दुमजली बस परिचयाची आहे. तशाच बसचे चालक दिवसभर आसनावर बसून असत आणि वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत. दोघांचे राहणे सारखे, तरी हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. हे डॉक्टर स्वतः ९९ वर्षे जगले.

वृद्धांविषयी एक प्रसिद्ध अभ्यास १९९८ साली हवाई बेटांवरील होनोलुलू येथून प्रसिद्ध झाला. ६१ ते ८१ वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या ७०७ निवृत्त पुरुषांकडे बारा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. जे दिवसाला एक मैलाहून कमी, म्हणजे साधारण दीड किलोमीटरच्या आत चालत, त्यांच्यापैकी शंभरातील सुमारे ४१ जण या काळात निवर्तले. जे दोन मैलांहून अधिक चालत, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सुमारे २४ होते.

येथेही कोणी शंका घेईल की मुळात प्रकृती चांगली असते तेच चालतात. चालण्याने प्रकृती सुधारली असे कशावरून? म्हणून दुसरा प्रयोग सांगतो, त्याचा निष्कर्ष २०१४ साली आला. अमेरिकेत ७० ते ८९ वयाचे १,६३५ स्त्रीपुरुष निवडले गेले. ते धडधाकट नव्हते. हालचाल मंदावलेले, बैठ्या सवयीचे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नियमित चालविले, सोबत पायांच्या बळाचे आणि तोलाचे थोडे व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला आरोग्यावरील व्याख्याने ऐकविली आणि हात-खांदे ताणण्याचे हलके व्यायाम दिले. सरासरी अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ हे चालले. कसोटी साधी होती : कोणाच्या हाताचा आधार न घेता चारशे मीटर चालता येते की नाही. व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी शंभरातील ३५ जणांनी हे सामर्थ्य गमावले. चालणाऱ्यांपैकी ३० जणांनी. फरक फार मोठा वाटणार नाही. पण चारशे मीटर म्हणजे किती, याचा विचार करावा. घरातून निघून कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन यावे, एवढेच हे अंतर. त्या पाच जणांना देवाचे दार उघडे राहिले. सज्जनहो, त्या प्रयोगातील श्रोत्यांचा गट म्हणजे एका परीने आपणच आहोत. केवळ श्रवणाने पाय टिकत नाहीत. म्हणून हे निरूपण वाचून झाल्यावर पुस्तिका मिटावी आणि उठावे.

पायांबरोबर स्मृतीलाही याचा लाभ होतो. सन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० व्यक्ती होत्या. त्यांच्यापैकी जे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले, त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भागाचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. जे चालले नाहीत त्यांचा तो भाग वयोमानानुसार किंचित आक्रसला. नामस्मरण म्हणजे स्मरणच आहे. ते अखेरपर्यंत राहावे अशी इच्छा असणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

किती चालावे?

दिवसाला दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असे अनेकांच्या मनात बसले आहे. ती संख्या गाठता येत नाही म्हणून कित्येक वृद्ध मुळीच चालत नाहीत. हा आकडा कोणत्या वैद्याने घालून दिलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तेथून तो जगभर पसरला. सन २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी विशेष लाभ आढळला नाही. सन २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही साठी ओलांडलेल्यांसाठी सहा ते आठ हजार पावलांपर्यंत लाभ वाढत जातो आणि मग स्थिरावतो, असेच दिसले.

यातील आशादायक भाग हा की सर्वांत मोठा लाभ आरंभीच्या पावलांत आहे. जो मुळीच चालत नव्हता तो घरातून देवळापर्यंत चालू लागला, तर त्याचे हित होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीने हालचाल करावी असे सांगितले आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. हा अर्धा तास सलग हवा असेही नाही. सकाळी दहा मिनिटे, दुपारी दहा, सायंकाळी दहा, असे झाले तरी चालेल.

मध्यम गती कशी ओळखावी? चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण अभंग आळवू गेल्यास श्वास अपुरा पडला पाहिजे. वारकरी तर गात चालतो, असे कोणी म्हणेल. त्याची चाल सावकाश असते हे खरे. पण तो ती दिवसभर आणि पंधरवड्याहून अधिक काळ चालतो. ज्याच्याजवळ वेग नाही त्याने वेळ द्यावा.

शतपावली आणि पावली

आपल्या पूर्वजांनी दोन शब्द आपल्या स्वाधीन केले आहेत, त्यांचा विसर पडू देऊ नये.

पहिला शब्द शतपावली. जेवणानंतर शंभर पावले चालावीत, ही आपल्या घराघरांतील जुनी शिकवण. भोजनानंतर रक्तातील साखर वाढते. त्याच वेळी पोटरीचे आणि मांडीचे मोठे स्नायू कामाला लावले, तर ते ती साखर आपल्यात ओढून घेतात. सन २०१३ मध्ये साठीच्या पुढील दहा व्यक्तींवर झालेल्या एका लहानशा प्रयोगात, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराच्या साखरेवर सकाळच्या पाऊण तासाच्या चालण्याइतकाच परिणाम झाला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली आवरली गेली. शंभर पावलांनी आरंभ करून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत जावे. चाळीची लांब गॅलरी, इमारतीचे आवार, मंदिराचा सभामंडप, यांपैकी काहीही पुरे आहे. पावसाळ्यात पदपथ निसरडे असतात, तेव्हा तर गॅलरीसारखे दुसरे ठिकाण नाही.

दुसरा शब्द पावली. भजनाच्या ठेक्यावर टाळकरी पुढे-मागे पाऊल टाकतात, वाकतात, गिरकी घेतात, त्यास आपण पावली खेळणे म्हणतो. उतारवयातील माणसाने चालण्याबरोबरच तोल राखण्याचा आणि पायांच्या बळाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा, असे आज वैद्यक सांगते, कारण पडण्याने मोडलेले खुब्याचे हाड अनेकांना अंथरुणास खिळविते. पावलीत हा तोल आपोआप साधतो. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार कमी करीत सावकाश उठावे-बसावे, आणि कठड्यास धरून एका पायावर क्षणभर उभे राहावे. विटेवर समचरण उभा असलेला पांडुरंग डोळ्यांसमोर आणून हे करावे.

सावधानता

भक्तीत भाव असावा, अविचार नसावा. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस करू नये. या विकारात पायांची संवेदना मंदावते. खडा रुतला, तापलेल्या डांबराने भाजले, तरी कळत नाही, आणि साधी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. पायांस बसणारी, पुढून बंद, न घसरणारी पादत्राणे घालावीत. देवळात पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा तेवढ्यापुरते सुती मोजे घातल्यास हरकत नाही. मात्र गुळगुळीत फरशीवर जपून चालावे. घरी गेल्यावर तळपाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाने पाहावेत. आजीचे पाय पाहणे हेही चरणदर्शनच आहे.

एकादशीचा उपवास आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन यांचा मेळ आपल्या डॉक्टरांस विचारूनच घालावा. उपाशीपोटी औषध घेऊन दर्शनरांगेत तासन्‌तास उभे राहिल्यास साखर एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. सोबत थोडी साखर किंवा गूळ आणि पाणी असावे, आणि नाव, घरचा दूरध्वनी व चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी.

चालताना छातीत दडपण आले, डाव्या हातात वा जबड्यात कळ गेली, दम अकारण लागला, घाम फुटून अंधारी आली, तर तेथेच थांबावे, जवळच्यांना सांगावे आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. ‘देवळात पोहोचल्यावर बघू’ असे म्हणू नये. हृदयविकार, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा नुकताच मोठा आजार झालेल्यांनी किती चालावे हे प्रथम डॉक्टरांकडून समजून घ्यावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र चालणे पूर्ण सोडू नये. सपाट वाटेने, थांबत थांबत, काठी घेऊन चालावे. काठी घेण्यात कमीपणा नाही. विणेकऱ्याच्या खांद्यावर वीणा शोभते तशी वृद्धाच्या हाती काठी शोभते.

ज्यांना चालवत नाही

हे वाचणाऱ्यांत असेही कोणी असतील की ज्यांचे पाय आता खरोखर थकले आहेत. पक्षाघाताने एक बाजू गेली आहे, किंवा अंथरुण सुटत नाही. त्यांनी मनात खंत धरू नये. संत सावता माळी अरणगावी आपल्या मळ्यात राबत राहिले, ते पंढरीस गेले नाहीत. देव त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. म्हणूनच इतर संतांच्या पालख्या पांडुरंगाकडे जातात आणि पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीस अरणला जाते. जो येऊ शकत नाही त्याच्याकडे देव स्वतः जातो.

मग देवाच्या भक्तांनी काय करावे? आपल्या इमारतीत, आपल्या चाळीत असा कोणी असेल तर त्याच्याकडे जावे. खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलता येतात, घोटे फिरविता येतात. ते त्याच्याबरोबर करावे. दिंडीत कोणी मागे राहिला तर त्याच्यासाठी दिंडी थांबते. शहरातील जीवनात आपण दिंडीचा हा नियम सोडून दिला आहे. दादर आणि वडाळ्याच्या मधल्या पाच उद्यानांत भल्या पहाटे किती तरी वृद्ध एकमेकांच्या सोबतीने चालताना दिसतात. त्यांच्यातला एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी सोबती त्याच्या घरी चौकशी करतात. एकटेपणाच्या या काळात केवळ एवढ्यासाठीही चालावे.

नेम आणि फलश्रुती

माळ घातलेला वारकरी पंधरा दिवसांची एकादशी आणि वर्षाची वारी चुकवीत नाही. त्याच्या जीवनास आकार येतो तो नेमाने. म्हणून या क्षेत्री आलेल्या प्रत्येक भाविकास विनंती आहे की त्याने येथून प्रसादाबरोबर एक नेम घेऊन जावा.

जे वृद्ध आहेत त्यांनी असा नेम करावा : पाऊस असो, ऊन असो, मी रोज घराबाहेर पडेन; जवळच्या देवळापर्यंत, ते दूर असेल तर कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत, तेही न जमले तर गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जाईन. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, पुढच्या आठवड्यात सात, असे पाऊल पुढे टाकीन. आजारातून उठल्यावर पुन्हा पाच मिनिटांपासून आरंभ करीन, आणि त्याची लाज बाळगणार नाही.

जे तरुण आहेत त्यांनी असा नेम करावा : आठवड्यातून निदान एक दिवस मी आईवडिलांबरोबर चालेन. त्या वेळी भ्रमणध्वनी खिशात राहील. ते थांबतील तेथे मी थांबेन. त्यांनी ओळखीच्या माणसाशी अर्धा तास गोष्टी केल्या तरी घड्याळ पाहणार नाही. ‘तू बस, मी आणतो’ असे म्हणण्याऐवजी ‘चल, दोघे जाऊन आणू’ असे म्हणेन.

प्रत्येक व्रताच्या अखेरीस फलश्रुती सांगतात. या व्रताची फलश्रुती थोडक्यात सांगतो, आणि अधिक काही पदरात घालीत नाही. चालणारा अमर होत नाही. त्याला कधीच आजार होणार नाही, असेही नाही. परंतु पुष्कळ अंशी असे घडते की शेवटच्या वर्षांत त्याला स्वतःच्या पायांनी उठता येते, स्वतः स्नान करता येते, स्वतः देवापुढे दिवा लावता येतो. कोणी त्याला खुर्चीवर उचलून आणीपर्यंत देवदर्शनाची वाट पाहावी लागत नाही. वृद्धाला आयुष्याच्या वर्षांपेक्षाही या स्वाधीनतेची ओढ अधिक असते, हे प्रत्येक घरातील वृद्ध मनोमन जाणतो.

दर्शन घेऊन आपण जेव्हा मंदिराच्या पायऱ्या उतराल, तेव्हा शेजारी एखादे वृद्ध माणूस कठडा धरून सावकाश उतरताना दिसेल. त्याला घाईने बाजूस सारून पुढे जाऊ नये, आणि उचलूनही घेऊ नये. हात पुढे करावा आणि एकेक पायरी त्याच्या वेगाने उतरावी.

॥ राम कृष्ण हरि ॥